आजोबांच्या नावाचा मीटर आणि विजेवरची गाडी

गोव्यात डिचोली बाजारापासून थोडं आत एक जुनं चिरेबंदी, कौलारू घर आहे. घरात निवृत्त वडील, आई, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, म्हणजे रोज जाऊन-येऊन पंचाण्णव किलोमीटर. सून साखळीला शिक्षिका, ती स्कूटरने जाते. दारातली पेट्रोलची गाडी म्हातारी झाली होती. लिटरला सोळा किलोमीटर द्यायची, तेही मन लागलं तर. आता विजेवरची घ्यायची असं मुलाच्या मनाने घेतलं आणि त्याने मला बोलावलं. मी वायरिंगची आणि मीटरची कामं घेतो. या घराचा फ्यूज उडाला की फोन मलाच येतो.

मुलाने मोबाइलवर तक्ता करून ठेवला होता: कुठल्या गाडीची रेंज किती, किंमत किती, स्क्रीन किती इंचाची. मी म्हटलं, हे राहू दे, विजेचं बिल आण. तो चमकला. बिल आलं तेव्हा त्यात दोन गोष्टी दिसल्या. मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढायची परवानगी, दोन किलोवॅट, आणि नाव आजोबांचं. आजोबांना जाऊन पंचवीस वर्षं तरी झाली असतील.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. गोव्यात स्वतःचं घर असलेल्या माणसाची विजेची गाडी शोरूममध्ये ठरत नाही, ती मीटरच्या फळीवर ठरते. रेंज हा गोव्यात फार मोठा प्रश्नच नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळं राज्य शंभर-सव्वाशे किलोमीटरांत आटोपतं.

पण वडिलांचा पहिला प्रश्न पैशांचा होता, आणि तो रास्त होता. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच. २०१८ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यामुळे 'ही गाडी स्वतःचे पैसे स्वतः काढते' हे वाक्य शोरूममधल्या पोराच्या तोंडून ऐकल्यावर ते नुसते हसले. म्हणाले, "माझे ट्रकही काढणार होते."

मग आम्ही ओटीवर बसून कागदावर हिशोब मांडला. महिन्याला चोवीस फेऱ्या, म्हणजे सुमारे २,२८० किलोमीटर. पेट्रोल ९६ रुपये धरलं तर सोळाच्या सरासरीने महिन्याला १३,७०० रुपये. विजेवरच्या छोट्या एसयूव्हीला एका युनिटात सात किलोमीटर धरले. पण बॅटरीत एक युनिट भरायला मीटरवर एकाहून थोडं जास्त पडतं, चार्जर गरम होतो त्यात काही जातं. म्हणून मीटरच्या युनिटामागे ६.२ किलोमीटर. एकूण युनिटं झाली साधारण ३७०.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. बिलातला सगळ्यात स्वस्त दर घेतात आणि त्याने गुणतात. गोव्यात घरगुती दर शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांनी वाढत जातो आणि चारशेच्या वर शेवटचा टप्पा लागतो. खालचे टप्पे फ्रिज, पंप आणि गीझरने आधीच खाल्लेले असतात. गाडीची युनिटं नेहमी वरच्या टप्प्यांत पडतात. म्हणून अधिभार, कर वगैरे सगळं धरून मी युनिटला सात रुपये लावले. तरी महिन्याला २,६०० च झाले. उरले अकरा हजार. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही चार लाखांनी महाग पडत होती. ते चार लाख तीन वर्षांत वसूल.

सुनेने लगेच विचारलं, "आणि माझ्यासाठी घेतली असती तर?" महिन्याला तीनशे किलोमीटर. तोच हिशोब लावला तर वर्षाला सतरा-अठरा हजार वाचतात, आणि चार लाख फिटायला वीस वर्षांवर जातात. शांत चालते, गिअर नाहीत, आवडते, म्हणून घ्या, जरूर घ्या. पण वाचवण्यासाठी घेत असाल तर रोजचं अंतर पन्नासच्या आत असलेल्या माणसाने दोनदा विचार करावा. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्राहून स्वस्त आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या पाव्हण्याला जो फायदा दिसतो तेवढा इथे दिसत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९ पासून ५ टक्के आहे. म्हणजे किमतीतलं अंतर मधल्या काळात पुन्हा वाढलं.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्यायही तपासला. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर ही विजेची गाडी आली तेव्हा बॅटरीशिवाय किंमत ९.९९ लाखांपासून आणि बॅटरीसाठी किलोमीटरला साडेतीन रुपये, अशी योजना होती. ऐकायला गोड. पण २,२८० किलोमीटरला साडेतीनने गुणा, जवळजवळ आठ हजार होतात. वाचलेल्या अकरातले आठ बॅटरीच्या भाड्यातच गेले. कमी चालवणाऱ्याच्या खिशाला ते जमेल, रोज वेर्ण्याला जाणाऱ्याच्या नाही. आयकरात दीड लाखापर्यंतच्या व्याजाची सूट मिळते असंही कुणीतरी मुलाच्या कानात घातलं होतं. ती ८०ईईबी कलमाची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विम्यात मात्र थोडं वाचतं: थर्ड पार्टीच्या हप्त्यात विजेच्या गाडीला १५ टक्के सवलत आहे. अनुदानाबद्दल माझा सल्ला एकच, हातात पडेपर्यंत हिशोबात धरायचं नाही.

बॅटरी केवढी घ्यायची, यावर मात्र घरात दोन तट पडले. रोजच्या पंचाण्णव किलोमीटरांना २४-२५ युनिटांची बॅटरी पुरेशी आहे. टियागो ईव्हीची २४ वाली किंवा पंच ईव्हीची २५ वाली चालली असती आणि दीड-दोन लाख वाचले असते. वडील त्याच बाजूचे. पण आईचे डोळे बेळगावच्या डॉक्टरांकडे दाखवतात, दर तीन-चार महिन्यांनी फेरी असते. साखळी, केरी, चोर्ला, जांबोटी करत डिचोलीहून बेळगाव पंचाण्णवच्या आसपास. आणि मध्ये घाट.

घाटाची भीती लोक उगाच मोठी करतात. तो साधा हिशोब आहे. माणसांसकट सतराशे किलोची गाडी केरीहून साडेसातशे मीटर वर चढवायची तर नुसत्या चढाला साडेतीन युनिटं लागतात, मोटरमधली घट धरून चार. म्हणजे सपाटीवरचे अठ्ठावीस किलोमीटर. तेवढंच. उतरताना त्यातली दोन-सव्वादोन परत मिळतात, कारण उतारावर मोटरच जनित्र होऊन गाडीला रोखते. तेव्हा जाताना साडेसतरा-अठरा युनिटं, येताना साडेअकरा. मिळून एकोणतीस-तीस.

पंचवीसच्या बॅटरीला हे झेपत नाही, बेळगावात चार्ज करावंच लागतं. पस्तीसच्या बॅटरीला झेपतं, पण काठावर. एसी, पाऊस आणि जांबोटीकडच्या खड्ड्यांतून पहिल्या गिअरच्या वेगाने जाणं (इथे गिअर नाही, पण वेग तोच) धरलं तर घरी येईपर्यंत दहा टक्के उरतील. म्हणून ठरलं ते असं: पस्तीसच्या आसपासची बॅटरी घ्यायची, आणि तरीही आई दवाखान्यात असताना शहरात वीस-पंचवीस मिनिटं फास्ट चार्जरला लावायची. कागदावरची रेंज मी कुणालाच वाचू देत नाही. पंच ईव्हीची ३५ वाली आली तेव्हा ४२१ किलोमीटर सांगितले होते. तो आकडा चाचणीच्या ठरलेल्या पद्धतीचा असतो. आपण सात गुणिले बॅटरी करावं, पावसाळ्यात सहा.

एक जुनी गाडीही बघितली. पर्यटकांना भाड्याने दिलेली, हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, दोन वर्षांची, भाव मोहात पाडणारा. मी नको म्हटलं. विजेची जुनी गाडी घेताना किलोमीटर बघून भागत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत काढून घ्यावं, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर मिळते ते लेखी मागावं. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही वॉरंटी बऱ्याच कंपन्या देतात. 'आजीवन' म्हणून जी सांगतात ती बहुधा पहिल्या मालकापुरती असते. भाड्याच्या गाडीला या अटी लागू पडतात का, हा आणखी वेगळा प्रश्न. विकणाऱ्याकडे यातलं काहीच लेखी नव्हतं.

आता मूळ काम.

शोरूमचा माणूस घर बघायला आला तो एप्रिलच्या शेवटी. त्याने सोबत आणलेला चार्जर पडवीतल्या पंपाच्या सॉकेटमध्ये लावला. लाल दिवा. दुसऱ्या सॉकेटला लावला, तिथेही लाल. म्हणाला, "अर्थिंग नाही." वडील म्हणाले, अर्थिंग आहे, घर बांधलं तेव्हाच खड्डा मारलाय. दोघेही बरोबर होते.

मी व्होल्टमीटर लावून बघितलं. काहीच चालू नसताना न्यूट्रल (परतीची तार) आणि अर्थ यांच्यात चार व्होल्ट. गीझर लावला तर सतरा. हा फरक वाढला की बऱ्याच गाड्यांचे चार्जर तोंड फिरवतात. अर्थ टेस्टरवर खड्ड्याचा रोध साठ ओहम. खड्डा मागच्या परसात, अख्ख्या जांभ्या दगडात खणलेला. आत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, वर मीठ-कोळसा घातलेला, त्यात पाणी शेवटचं कधी ओतलं ते कुणालाच आठवेना.

आपल्याकडे हे घरोघरी आहे. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि जानेवारीनंतर कोरडाठाक होतो. जुलैत जे अर्थिंग चांगलं दाखवतं ते मे महिन्यात नावापुरतं उरतं. फ्रिजला, टीव्हीला त्याचं काही वाटत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र दर वेळी तपासून बघतो. आणि साठ ओहमचा अर्थ समजून घ्या: फेज, म्हणजे जिवंत तार, पत्र्याला लागली तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ६०, म्हणजे चार अँपिअरही नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) त्याला हलणारसुद्धा नाही. पत्रा तसाच जिवंत राहील.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. ओळखीचा एक वायरमन म्हणे पाचशे रुपयांत काम करून देतो. सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून एक तार अर्थच्या पिनेला जोडायची, चार्जर लगेच हिरवा. "दादा, करून घेऊ का?"

हा उपाय सगळ्या गोव्यात चालतो, महाराष्ट्रातही चालतो. चार्जर फसतो हे खरं आहे. पण जूनच्या वाऱ्यात माडाची झावळ तारांवर पडते आणि खांबावरचा न्यूट्रल तुटतो, हे आपल्याकडे नवीन नाही. तसं झालं की घरातल्या चालू पंख्या-फ्रिजमधून फिरून न्यूट्रलवर पूर्ण दाब येतो. तीच तार अर्थच्या पिनेला जोडलेली, आणि अर्थची पिन गाडीच्या पत्र्याला. अंगण ओलं, नात अनवाणी, आणि तिने दार उघडायला हात लावला तर? हे मी फोनवर एवढंच सांगितलं. पुढे त्याने विषय काढला नाही.

नवं अर्थिंग केलं. जागा निवडण्यात सगळं कसब असतं. मी परस सोडलं आणि घरापुढचा माड निवडला, कारण त्याच्या आळ्यात बारमाही पाणी जातं, न्हाणीघराचं सांडपाणीही तिकडेच. जांभ्याचा वरचा थर ड्रिलने फोडून खालच्या मऊ, ओलसर मातीपर्यंत गेलो. तांब्याचा मुलामा दिलेली तीन मीटरची कांब आणि भोवती बेंटोनाइट या ओल धरणाऱ्या मातीचं मिश्रण. एकाने समाधान होईना, म्हणून तीन मीटरवर दुसरी कांब घालून दोन्ही जोडल्या. रोध चारवर आला, तोही मे महिन्यात. हे महत्त्वाचं. पावसात मोजलेल्या आकड्यावर मी सही करत नाही.

गाडीसाठी मीटरपासून वेगळी ओळ ओढली. चौरस मिलिमीटर चारची तार पुरली असती, पण उद्या ७.२ किलोवॅटचा चार्जर घ्यायचा झाला तर पुन्हा भिंत फोडायला नको म्हणून सहाची तांब्याची घातली. वेगळा एमसीबी, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि विजांसाठी सर्ज रोधक. साध्या पांढऱ्या सॉकेटऐवजी औद्योगिक पद्धतीचा निळा. रोज सहा तास सलग तेरा अँपिअर ओढायचे म्हणजे गंमत नाही. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी रात्रभर ओढते. त्यांच्या गीझरचा सॉकेट उघडला तर एक पिन तपकिरी पडलेली आणि प्लास्टिकला सुरकुती आलेली होती. सगळं मिळून गाडीच्या किमतीत हा खर्च कुठे दिसणारही नाही. पण शोरूमच्या कोटेशनमध्ये 'चार्जर बसवणे मोफत' लिहिलं होतं, आणि त्या मोफतमध्ये यातलं काहीही नव्हतं. पंधरा मीटर तार आणि भिंतीवर एक डबा, एवढंच.

राहिला मंजूर भार. दोनचा पाच करायला वीज खात्याच्या उपविभागात अर्ज, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि वाढीव अनामत लागते. त्यात अवघड काही नाही. अवघड होते ते आजोबा. मीटर त्यांच्या नावावर, घर सामाईक, इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, एक काका मुंबईत, एक आत्या कारवारला. नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, प्रतिज्ञापत्र आणि वारसांचं ना-हरकत. आत्याने लगेच सही दिली. मुंबईच्या काकांना वाटलं, मीटरच्या निमित्ताने घर नावावर करून घेतायत. वडिलांनी दोन वेळा फोन केले, मग चवथीला ते स्वतः आले तेव्हा समोर बसून झालं. तोवर गाडी दारात येऊन उभी होती. त्या दिवसांत रात्री अकरानंतर, गीझर आणि पंप बंद ठेवून, दहा अँपिअरवर मर्यादा लावून चार्ज करायला सांगितलं. गाडी बुक करण्याआधी कागदाला हात घाला, हे मी यासाठीच सांगतो. गोव्यातल्या जुन्या घरांपैकी किती मीटर गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत ते वीज खात्यालाच ठाऊक.

गाडी घेतल्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तेच चांगलं. रात्री लावायची, सकाळी काढायची. संध्याकाळी वस्तीतला दाब १९५ पर्यंत उतरतो आणि चवथीच्या दिवसांत त्याहूनही खाली, म्हणून टायमर मध्यरात्रीचा ठेवलाय. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरी निम्म्याखाली जाऊ देत नाहीत. आकाश गडगडायला लागलं की प्लग बाहेर, सर्ज रोधक असला तरी. बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची असल्याने काही दिवसांनी एकदा सावकाश शंभर टक्के भरतात, नाहीतर स्क्रीनवरचा टक्का भरकटतो.

एकदा फजिती झाली, ती मोठ्या बॅटरीमुळे नाही, छोटीमुळे. दिवाळीच्या सुट्टीत सगळे बाहेरगावी गेले, आणि बाहेरच्या दुकानातून बसवून घेतलेला डॅशकॅम चालूच राहिला. परत आले तर दार उघडेना. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, पण दार, स्क्रीन आणि मुख्य रिले जिच्यावर चालतात ती १२ व्होल्टची मेली होती. किल्लीतलं लोखंडी पातं काढून दार उघडलं, शेजारच्या गाडीवरून जंप दिला. आता लांब जाताना डॅशकॅमचा फ्यूज काढतात.

ब्रेकचं मात्र लक्षात ठेवा. मोटरच गाडी रोखत असल्याने डिस्क फारशा घासल्या जात नाहीत, आणि आपल्या दमट हवेत त्या गंजतात. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर मोटरचं रोखणं कमी करून पायाचा ब्रेक नीट दाबावा. टायरही पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजतात, गाडी जड आणि सुरुवातीचा ओढा जोरकस.

बेळगावच्या फेऱ्या सुरळीत चालल्या आहेत. एकदाच, ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला. कुणाचा होता ते सोडा, असे सगळ्यांचेच निघतात. त्या दिवशी एसी कमी करून, साठच्या वेगाने ते घरी पोचले, नऊ टक्क्यांवर. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप आणि दोन्हींत थोडे पैसे असतात, आणि निघताना बघायचं ते चार्जर 'उपलब्ध' आहे का हे नाही, तर आज सकाळी कुणी वापरलाय का हे. बाहेरचं युनिट घरच्याच्या तिप्पट पडतं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणून ज्याला घरी प्लग नाही त्याने आमचा तीन वर्षांचा हिशोब स्वतःला लावू नये.

सध्या मुलाच्या डोक्यात सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि तीन किलोवॅट महिन्याला साधारण साडेतीनशे युनिटं देतात, म्हणजे जवळजवळ गाडी खाते तेवढी. मीटर आता वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा कागदाची अडचण नाही. अडचण छपराची आहे. जुन्या कौलांवर आणि वाशांवर पॅनल चढवायला मी तयार नाही. अंगणात लोखंडी सांगाडा उभारून खाली गाडी ठेवता येईल, पण दुपारनंतर तिथे दोन माडांची सावली येते. मुलगा म्हणतो एक तरी पाडूया. वडील म्हणतात, त्यातल्याच एका माडाच्या आळ्यात अर्थिंग आहे ना? मग त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत. मी सांगाड्याचा दर काढून ठेवलाय.